आधी मीटर, मग पाना: मारुती ८००चा अल्टरनेटर बदलताना

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात वैभववाडीहून कोल्हापूरला परत येत होतो. करूळ घाटात निम्म्यावर आलो आणि डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. पाऊस असा की वायपर बंद करायची सोय नाही, संध्याकाळचे साडेसात, बाजूला बायको आणि मागे नात. गाडी १९९९ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, एसी नसलेली. मी एस.टी.च्या आगारात ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो, त्यामुळे दिवा चार्जिंग बंद पडल्याचा, हे कळायला वेळ लागला नाही. पुढे काय करायचं हे मात्र रस्त्याच्या कडेला थांबून दोन मिनिटं विचार करून ठरवलं.

थांबून पहिलं काम काय, तर बॉनेट उघडून पट्टा पाहणं. ८००मध्ये अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला असेल तर चार्जिंगबरोबर पाणी फिरणंही बंद होतं. मग गाडी तशीच रेटली तर इंजिन तापून पाच-दहा किलोमीटरांत हेड गॅस्केटची पूजा बांधावी लागते. पट्टा जागेवर असेल आणि तापमानाचा काटा नेहमीच्या ठिकाणी असेल, तर इंजिनाला धोका नाही. फक्त बॅटरीवर किती अंतर निघेल एवढाच प्रश्न उरतो.

त्याचं गणित सोपं आहे. हेडलाइटचे दोन बल्ब, डीपरवर ५५-५५ वॅट, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. मागचे आणि नंबरप्लेटचे दिवे मिळून दीड-दोन. वायपर तीनेक, इग्निशन तीनेक. झाले सोळा-सतरा. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, तीही तीन वर्षं वापरलेली. कागदावर दोन तास, प्रत्यक्षात तासभर मिळाला तर नशीब. गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटर, आणि त्या पावसात दोन तासांखाली पोचणं शक्य नव्हतं. ब्लोअर, टेप सगळं बंद केलं, घाट चढून गगनबावड्यात आलो आणि तिथंच मुक्काम टाकला. सकाळी पाऊस उघडला. धक्का मारून गाडी चालू केली आणि दिवे, वायपर न लावता घर गाठलं. नुसत्या इग्निशनवर बॅटरी पुष्कळ टिकते. अडकलात तर उजेडाची वाट बघा.

अल्टरनेटर गेलाय, हे कुणी सांगितलं?

घरी आल्यावर शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, डायनामो गेला. उद्यमनगरात नवीन मिळतोय, घेऊन येऊ?" आपल्याकडं अल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. पण लाल दिवा लागला की थेट दुकान गाठायचं, याला आहे. आगारात आम्ही काढून ठेवलेल्या अल्टरनेटरांतले कितीतरी नंतर टेबलावर चांगले निघायचे. दोष वायरीत, अर्थमध्ये (बॉडीतून बॅटरीच्या वजा टोकाकडं जाणाऱ्या वाटेत) नाहीतर पट्ट्यात असायचा. अल्टरनेटर बदलणं तासाभराचं काम आहे. तो बदलायलाच हवा का, आणि बदलल्यावर खरंच नीट चालतोय का, या दोन गोष्टींना मी त्याच्या दुप्पट वेळ देतो.

हत्यार म्हणून एक डिजिटल मल्टिमीटर पुरतो, दुचाकीच्या दुकानात मिळतो तो स्वस्तातलाही चालेल. २० व्होल्ट डीसीवर ठेवा.

पहिलं माप बंद गाडीचं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ म्हणजे जेमतेम, त्याखाली म्हणजे उतरलेली. माझी ११.६ दाखवत होती, ते अपेक्षितच होतं. ती काढून रात्रभर चार्जरला लावली. हा टप्पा गाळू नका. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंच माप विश्वासाचं नसतं.

दुसरं माप चालू गाडीचं. बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला हवेत. नातीला मीटर वाचायला बसवलं होतं, ती म्हणाली, "आजोबा, १२.३, आणि कमीच होतंय." म्हणजे चार्जिंग शून्य. इथं नव्वद टक्के लोक अल्टरनेटर खोलायला घेतात. तुम्ही आणखी दहा मिनिटं थांबा.

गाडी बंद करा. अल्टरनेटरच्या मागं जाड वायर नटाने आवळलेली असते, तो बी टर्मिनल. काळा प्रोब बॅटरीच्या वजा टोकावर, लाल या बी टर्मिनलवर. गाडी बंद असतानाही इथं बॅटरीएवढेच व्होल्ट दिसले पाहिजेत, कारण ती वायर थेट बॅटरीकडून येते. शून्य आलं तर मधला मोठा फ्यूज किंवा फ्यूजेबल लिंक (फ्यूजचंच काम करणारी वायर) उडालीय. अल्टरनेटर बिचारा निर्दोष. माझ्याकडं १२.५ होते.

मग चावी ऑन करा, इंजिन चालू न करता. लाल दिवा लागला पाहिजे. हा दिवा नुसता इशारा देत नाही, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या रोटरला (आतल्या फिरत्या भागाला) सुरुवातीचा करंट त्याच्यातूनच जातो. दिव्याची एक बाजू चावीकडून बॅटरीला, दुसरी अल्टरनेटरच्या एल पिनेला. चार्जिंग सुरू झालं की दोन्ही बाजूंना सारखेच व्होल्ट येतात आणि दिवा विझतो. म्हणून चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल तर "इशारा नाही, सगळं छान" असं समजू नका. दहा रुपयांचा बल्ब गेल्यामुळे चार्जिंग बंद पडलेल्या गाड्या मी पाहिल्यात.

आता माझी आवडती चाचणी, हिला मीटरही लागत नाही. चावी ऑन, इंजिन बंद. एक लोखंडी पाना किंवा पेचकस अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगच्या मध्याजवळ न्या. रोटरमध्ये करंट जात असेल तर शाफ्ट चुंबक झालेला असतो आणि पाना खेचला जातो, अगदी हाताला जाणवेल असा. चावी बंद केली की ओढ संपते. खेचला तर कार्बन आणि स्लिप रिंग (फिरत्या रोटरला करंट पोचवणारी घासती जोडी), रोटर शाबूत. दोष पुढं, डायोडमध्ये (एसीचा डीसी करतात ते) किंवा स्टेटरमध्ये (रोटरभोवतीच्या न फिरणाऱ्या तारांच्या गुंडाळीत). नाही खेचला तर करंटच पोचत नाही. माझा पाना हलला नाही. पिनांच्या कपलरला (वायरींच्या प्लगला) व्होल्ट येत होते, म्हणजे वायरिंग ठीक आणि गडबड आत. आता मात्र अल्टरनेटरला गुन्हेगार म्हणायला हरकत नव्हती.

एक गोष्ट आधीच बजावतो. गाडी चालू ठेवून बॅटरीचं टोक काढायचं आणि इंजिन चालू राहिलं तर "डायनामो ओके", ही गॅरेजातली परीक्षा कुणी करायला लागला तर त्याचा हात धरा. जुन्या डायनामोच्या काळात ती खपून जायची. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर भलतंच उसळतं. डायोड जातात, व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर जातो, इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीएमचाही (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचाही) बळी जाऊ शकतो. चांगला अल्टरनेटर या परीक्षेतच मरतो आणि आपण म्हणतो, बघा, खराबच होता.

दुरुस्ती की नवा

नुसते कार्बन झिजले असते तर मी कार्बन बदलून मोकळा झालो असतो. चहा-वड्याच्या खर्चात होणारं काम ते. पण खोलल्यावर दिसलं की स्लिप रिंगला नखाने कळेल एवढी खाच पडलीय, पुढचं बेअरिंग हाताने फिरवताना दळणासारखं वाजतंय आणि स्टेटरची तार एका बाजूला काळवंडलीय. एकेक दुरुस्त करायचं तर किंमत नव्याच्या जवळ जाते आणि भरवसा अर्धाच. दोनांहून जास्त गोष्टी गेल्या असतील तर नवा घ्यावा, हा माझा हिशेब.

दुकानात जाताना जुना अल्टरनेटर पिशवीत घालून न्या. "मारुती ८००चा द्या" एवढ्यावर भागत नाही. त्या गाडीच्या तीस वर्षांत कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, एसीवाल्या आणि बिनएसीच्या गाड्या निघाल्या. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून चार गोष्टी ताडा. पुली एका खाचेची व्ही आहे की बारीक धारांची. मागच्या कपलरला पिना किती आणि कशा आकाराच्या. बसवायच्या कानांमधलं अंतर. आणि प्लेटवरचे अँपिअर, जे जुन्याइतके किंवा थोडे जास्त असावेत, कमी नकोत.

मला पहिल्या दुकानात जो दिला तो खोक्यात होता, चकचकीत रुपेरी. पण पुलीच्या नटाच्या कडांवर पान्याचे ओरखडे होते आणि स्टिकर रंगाच्या वर नव्हे, रंगाच्या आत होता. कडेनं रंग स्टिकरवर चढला होता. जुनाच, रंगवून आलेला. रिकंडिशन म्हणून विकला असता तर रिकंडिशनच्या भावात कदाचित घेतलाही असता. नवा म्हणून नको. न भांडता परत ठेवला आणि दुसरीकडून घेतला.

पैसे देण्याआधी हाताने पुली फिरवा. आवाज न करता, कुठंही न अडखळता फिरली पाहिजे. कार्बनची हलकी घासण जाणवते, ती असायचीच. मग मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लाल प्रोब बॉडीला, काळा बी टर्मिनलला लावा. दोन डायोड एकापाठोपाठ येत असल्यामुळे ०.८ ते १च्या आसपास आकडा येतो. प्रोब उलटे केले की मीटरनं काहीच दाखवायला नको. दोन्हीकडून शून्याजवळ आकडा आला तर डायोड शॉर्ट आहेत, घेऊ नका. दुकानात टेस्ट बेंच असेल तर त्यावर फिरवून दाखवायला सांगा. चांगला दुकानदार स्वतःच दाखवतो.

काढताना

हत्यारं फार लागत नाहीत. १०, १२ आणि १४चा पाना, शक्यतो गोटीसकट रॅचेट, एक टॉमी (रेटायचा लोखंडी दांडा), पेचकस, काचकागद, जरासा गंजमोड स्प्रे. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. आमच्या आगारात एकाच्या अंगठीतून बॅटरीचा अधिक टर्मिनल आणि बॉडी जोडली गेली होती. अंगठी लाल झाली आणि बोटावर कायमचा वळ राहिला. त्या दिवसापासून मी अंगठी घालतच नाही. बायकोला त्याचं वाईट वाटतं ते वेगळं.

बॅटरीचं वजा टोक आधी काढा. अधिक आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते. वजा आधी काढलं की पाना कुठंही टेकला तरी काही होत नाही. टोक कापडात गुंडाळून बाजूला सारा, नाहीतर ते हळूच परत जाऊन टेकतं.

मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा: वायर कुठून गेलीय, कपलर कुठल्या बाजूला, पट्टा कसा बसलाय. मला ३१ वर्षांचा अनुभव, तरी काढतो. परत बसवताना फोनवरचा फोटो जे सांगतो ते आठवण सांगत नाही.

कपलरची जीभ दाबून तो सरळ ओढा, वायरी धरून नव्हे. जुन्या गाडीत प्लास्टिक कडक झालेलं असतं, जीभ तुटली तर नंतर कपलर कंपनाने ढिला होतो आणि लाल दिवा अधूनमधून डोळे मिचकावत राहतो. बी टर्मिनलची रबरी टोपी मागं सारून नट काढा. त्याखालचे वायसर कुठल्या क्रमाने होते ते लक्षात ठेवा.

अल्टरनेटर दोन ठिकाणी धरलेला असतो. एक लांब बोल्ट, ज्याभोवती तो झुलतो, आणि दुसरा लांबट खाच असलेल्या पट्टीवरचा, ज्याने पट्टा ताणतात. दोन्ही आधी ढिले करा, पूर्ण काढू नका. अल्टरनेटर इंजिनाकडं ढकलला की पट्टा सैल होऊन हातात येतो. मग बोल्ट काढा. शेवटचा बोल्ट काढताना दुसरा हात खाली असू द्या. तीन-चार किलोंचं धूड पडलं तर रेडिएटर फोडेल किंवा पाय. एसी असेल तर त्याचा पट्टाही वाटेत येतो, तो आधी उतरवावा लागतो.

पट्टा उलटा वळवून आतली बाजू पाहा. आडव्या चिरा, चकाकणारी कड, तेलाचा ओलावा यातलं काही दिसलं तर नवाच घाला. सगळं खोललेलं असताना पट्ट्याचे पैसे वाचवणं हे मला कधी कळलं नाही. पाण्याच्या पंपाची पुलीही हलवून पाहा. ती वर-खाली हलत असेल तर पंपाचंही बेअरिंग जायच्या मार्गावर आहे, आणि पट्टा निघालेला असताना हे कळलं तर बरं.

बसवताना

बसवण्याआधी ब्रॅकेटवर ज्या जागी अल्टरनेटरचे कान टेकतात ती जागा काचकागदाने घासून चकचकीत करा. अल्टरनेटरला अर्थची वेगळी वायर नसते, त्याचा अर्थ या धातूच्या स्पर्शातूनच. गंज आणि तेलाचा थर म्हणजे करंटच्या वाटेतला नाका.

नवा अल्टरनेटर कधीकधी ब्रॅकेटमध्ये शिरतच नाही, केसभर अडकतो. मागच्या कानात एक पोलादी बुश असतो, तो थोडा बाहेर सरकवला की जागा होते, आणि बोल्ट आवळताना तो आपोआप परत आत ओढला जातो. हे माहीत नसल्यामुळे लोक हातोडी उचलतात. अल्टरनेटरची बॉडी अॅल्युमिनियमची, एका घावात कान तुटतो, आणि तुटलेल्या कानाचा माल कुठलाही दुकानदार परत घेत नाही.

लांब बोल्ट आधी, मग पट्टीवरचा. दोन्ही हातानेच आवळलेले. पट्टा चढवा. लांबून एक डोळा मिटून तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का पाहा, किंवा पोलादी पट्टी लावा. एक पुली दोन मिलिमीटर जरी आत-बाहेर असली तरी पट्टा कडेनं कुरतडला जातो.

ताण देताना टॉमी इंजिन आणि अल्टरनेटरच्या पुढच्या, म्हणजे पुलीकडच्या, जाड भागात घाला. मधल्या पत्र्यावर किंवा मागच्या झाकणावर कधीही जोर देऊ नका, तिथं आत स्टेटर आणि डायोड आहेत. अल्टरनेटर बाहेर ओढून धरा, पट्टीवरचा बोल्ट आवळा, मग लांब बोल्ट. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने चांगलं दाबल्यावर पट्टा आठ-दहा मिलिमीटर दबला पाहिजे. सैल राहिला तर हेडलाइट लावल्यावर किंचाळतो आणि चार्जिंग कमी पडतं. जास्त ताणला तर आवाज येत नाही म्हणून आपण खूश असतो, पण अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग सहा महिन्यांत रडायला लागतं. नवशिका बहुधा जास्तच ताणतो.

बी टर्मिनलचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घासून लावा, नट घट्ट पण बेताने. तो स्टड नाजूक असतो, आटे गेले की नव्या अल्टरनेटरची वाट. रबरी टोपी विसरू नका. कपलर टक् असा आवाज येईपर्यंत आत. चार्जरवरून आणलेली भरलेली बॅटरी ठेवा, अधिक आधी, वजा शेवटी. वजा लावताना बारीक ठिणगी पडते, घाबरू नका. मोठी पडली, तर थांबा आणि बी टर्मिनल कुठं बॉडीला टेकलंय का पाहा.

उतरलेली बॅटरी तशीच घालून नव्या अल्टरनेटरला ती भरायला लावू नका. तो पहिल्याच दिवशी तासभर पूर्ण ताकदीने तापत राहतो. तो काही बॅटरी चार्जर नाही.

दिवा विझला, पण

चावी ऑन केली, लाल दिवा लागला. पाना मागं नेला, खाडकन चिकटला. सेल्फ मारला, गाडी चालू झाली, दिवा विझला. शेजारचा पोरगा टाळी द्यायला हात पुढं करून उभा. बॅटरीवर १३.९. "झालं की काका!"

मी म्हटलं, थांब. हेडलाइट हायवर, ब्लोअर पूर्ण, वायपर चालू (काच ओली करून, कोरडी नव्हे), मागची ब्रेकलाइट लागावी म्हणून त्याला ब्रेकवर पाय ठेवून बसवलं. इंजिन थोडं वर, २०००च्या आसपास. अशा ओझ्याखाली बॅटरीवर १३.५च्या वर राहायला हवं. नात म्हणाली, १३.३. तसं पाहिलं तर फार वाईट नाही. पुष्कळ जण इथं बॉनेट लावतील.

मी मीटरचा काळा प्रोब तसाच ठेवून लाल प्रोब अल्टरनेटरच्या बी टर्मिनलवर नेला. १४.२. म्हणजे अल्टरनेटर १४.२ देतोय आणि बॅटरीला १३.३ पोचतायत. ०.९ व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. अल्टरनेटरच्या आतला रेग्युलेटर स्वतःच्या दारातले व्होल्ट बघतो, त्याला वाटतं सगळं उत्तम. बॅटरी मात्र कायम अर्धपोटी. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत अशी बॅटरी वर्षभरात मरते, आणि मग शिव्या नव्या अल्टरनेटरला.

हे माप घ्यायची आणखी नेमकी पद्धत अशी: सगळं ओझं चालू ठेवून लाल प्रोब बी टर्मिनलवर आणि काळा बॅटरीच्या अधिक टोकावर. दोन्ही अधिकच, म्हणून मीटर फक्त वाटेतला तोटा दाखवतो. ०.२ पर्यंत ठीक, ०.३ला मी भुवया उंचावतो. तसंच दुसरी बाजू: लाल अल्टरनेटरच्या बॉडीवर, काळा बॅटरीच्या वजा टोकावर, तिथं ०.१-०.२च्या आत हवं. माझा अर्थ ०.०५ आला, ब्रॅकेट घासल्याचं फळ. अधिकची बाजू मात्र ०.९.

गाडी बंद केली आणि वायरीवरून बोट फिरवत गेलो. बॅटरीकडच्या टोकाचा लग चटका बसेल इतका गरम. वरचं आवरण सोलल्यावर आत तांब्याला हिरवी बुरशी, वायरीच्या निम्म्या तारा तुटलेल्या. सतराच अँपिअर धरले तरी गुणिले ०.९ व्होल्ट, म्हणजे निदान पंधरा वॅट त्या एवढ्याशा जागेत जळत होते. जुना अल्टरनेटर काय, नवीनसुद्धा याच वाटेवर राबत राहिला असता. वायर निरोगी तांबं दिसेपर्यंत कापली, नवा लग दाबून वर झाळला, आवरण चढवलं. परत तेच ओझं: बॅटरीवर १४, तोटा ०.१५. तेव्हा कुठं मी टाळी दिली.

याउलट बॅटरीवर १५च्या वर आकडा येत असेल तर रेग्युलेटर ओव्हरचार्ज करतोय. तसं चालवू नका, बॅटरीचं पाणी उकळतं आणि बल्ब पटापट उडतात. नव्या मालात हे निघालं तर त्याच दिवशी परत करा.

डायोडची एक तपासणी उरते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर धरा, इंजिन चालू, ओझं चालू. ०.१-०.२च्या आसपास असेल तर छान, ०.५च्या वर गेलं तर एखादा डायोड गेलाय. सावधान, स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसी मोजून पंचवीस-सव्वीस असा भलताच आकडा दाखवतात. म्हणून आधी बंद गाडीवर धरून पाहा. तिथं शून्य येत नसेल तर तो मीटर या कामाचा नाही. मग रेडिओ लावा: इंजिन वाढवलं की सुराबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर संशय घ्या.

शॉर्ट झालेला डायोड गाडी बंद असतानाही बॅटरी पितो. तासाभराने थंड झालेल्या इंजिनात एकटा अल्टरनेटर कोमट लागला तर हाच रोग. मोजायचं असेल तर बॅटरीचं वजा टोक काढून मध्ये मीटर घाला, १० अँपिअरच्या खाचेत. माझ्या गाडीत टेपच्या मेमरीपुरते १०-१५ मिलिअँपिअर जातात. साधारण ५० पर्यंत चालतं. मीटर असा मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जाईल.

एस.टी.त हेच सगळं २४ व्होल्टवर करायचो, आकडे दुप्पट, रीत तीच. अलीकडच्या मोटारींना मात्र हे आकडे डोळे झाकून लावू नका. अनेकांत ईसीएम ठरवतो कधी चार्ज करायचं, त्यामुळे बॅटरी भरलेली असताना चालू गाडीतही साडेबारा दिसू शकतात आणि त्यात बिघाड काही नसतो. पट्टाही बारीक धारांचा आणि आपोआप ताणणारा असतो, तिथं टॉमीचं काम नाही. अशा गाडीत हेडलाइट लावून, सर्व ओझं टाकून मग माप घ्या, आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण माना. वाटेतल्या तोट्याची चाचणी मात्र सगळ्यांना लागू.

त्या संध्याकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आलो, दिवे लावून. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू न करता बॅटरी मोजली, १२.६. पट्टा दाबून पाहिला तर पंधरा मिलिमीटर दबत होता. नवा पट्टा पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांत ताणतोच, त्या दोन फेऱ्यांतही थोडा ढिला झाला होता. १२चा पाना घेऊन परत आवळला, आणि शनिवारी पुन्हा बघायचा म्हणून कॅलेंडरवर खूण केली.